कुमुदिनीचा श्रावण

तिरोडकर काकांनी शिरवण्याला बाई ठेवलीय, ही बातमी आमच्या बिल्डिंगीत सगळ्यात आधी तळमजल्याच्या जयमाला वहिनींना लागली, म्हणजे ती वाशीभर झालीच. पुरावेही भरपूर होते. कंपनीला टाळं लागल्यापासून दिनानाथ तिरोडकर हा माणूस दाढीचं पातं वाचवत होता. आणि त्र्याऐंशीचा श्रावण लागला तसा तोच माणूस रोज दुपार कलली की गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट चढवून, खांद्याला शबनम पिशवी अडकवून बेलापूरकडे जाणाऱ्या बसला उभा राहायला लागला. शिरवण्याच्या फाट्यावर उतरायचं आणि तिथून सरळ जमुना मासेवालीच्या घरात. दिवेलागणीला परत.

"आणि परत येताना," जयमाला वहिनी आवाज इतका खाली आणायच्या की तो फक्त दोनच मजल्यांना ऐकू जावा, "अंगाला माशाचा वास! ऐन श्रावणात! आता बोला."

बोलणार कोण? शेवटी त्याच बोलल्या. वाटीभर साखरेचं निमित्त करून वर गेल्या आणि चारुलता काकूंना म्हणाल्या, "वैनी, मला बाई कुणाच्या मधे पडायची सवय नाही. पण आपल्या माणसावर लक्ष ठेवावं हो. दिवस वाईट आहेत."

चारुलता काकू साडीला फॉल लावत बसल्या होत्या. कंपनी बंद पडल्यापासून त्या घरात सुईच काय ती चालू होती. दातांनी दोरा तोडून त्या म्हणाल्या, "माहितीये मला. रंगानं माझ्यापेक्षा उजळ आहे."

"अगं बाई! तुम्ही बघितलीत?"

"बघितलीत काय, इथेच राहून गेलीय की. डोळे घारे. आणि मिशा आहेत."

जयमाला वहिनी साखर न घेताच खाली आल्या.

तर खरी गोष्ट अशी, की काका जमुनाबाईंच्या घरी जायचे ते जमुनाबाईंसाठी नव्हे. जमुनाबाईंचा नवरा सिताराम, गुडघे गेल्यापासून होडीवर जात नसे, तो दिवसभर ओटीवर जाळं सांधत बसलेला असायचा. तोच काकांना बसायला पाट द्यायचा आणि तांब्या पुढे करायचा. काका जायचे ते एका मांजरीला भेटायला. आणि या सगळ्या प्रकरणात कुणाचा जळफळाट होत असेल, तर तो चारुलता काकूंचा नाही, खुद्द काकांचा. तोही जमुनाबाईंवर.

जळणं हा काकांचा जुना गुण. कोकणातल्या घरी थोरल्या भावाच्या वाटणीचा फणस यांच्या फणसाच्या आधी धरतो, हे सांगताना आजही त्यांचा आवाज चिरका होतो. महाप्याच्या कंपनीत ते स्टोअरकीपर. शेजारच्या टेबलावरच्या विलासला साहेबांनी चाकाची खुर्ची दिली, तेव्हा काका आठवडाभर उभ्यानं काम करत होते. "बसून कंटाळा येतो," असं सगळ्यांना सांगत होते. मुलीच्या लग्नात जावई बिचारा भलेपणानं म्हणाला, "बाबा, आता हिची काळजी तुम्ही सोडा." त्यावर भर मांडवात काकांनी विचारलं, "का? एवढी वर्षं माझं काही चुकलं होतं का?" माणूस वाईट नाही. जे आपलं, त्यावर दुसऱ्याचा हात पडलेला खपत नाही, एवढंच.

ती मांजर त्यांची कशी झाली ते सांगायला हवं. वैशाखात कंपनीला टाळं लागलं. कामगारांनी गेटासमोर ताडपत्रीचा मांडव घातला आणि पाळीपाळीनं उपोषणाला बसायला लागले. तिथल्या एका सिमेंटच्या पाइपात एवढंसं पिवळं पिल्लू सापडलं. कुणी दूध दिलं, कुणी पावाचा कुस्करा. जेवढं आत जायचं तेवढं बाहेर यायचं, कधी तोंडातून, कधी नाकातून. पोपट नावाचा फिटर म्हणाला, "तिरोडकर, आपलं साखळी उपोषण. हिचं आमरण दिसतंय."

सगळे हसले. काकांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी पिल्लू शबनममध्ये घातलं आणि दुसऱ्या दिवशी पूल ओलांडून परळला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं की हिच्या गळ्यापासून पोटापर्यंतची नळी जन्मतःच सैल आहे. घास पुढे ढकलायचं बळच त्या नळीत नाही. घास मधेच बसतो आणि उलटून येतो, आणि उलटताना छातीत गेला की संपलं. औषध नाही. खाणं अगदी पातळ वाटून, उभं धरून भरवायचं, आणि भरवल्यावर घास खाली उतरेपर्यंत उभंच धरून ठेवायचं.

"किती दिवस?" काकांनी विचारलं.

"ती जगेल तितके दिवस."

मोठे इलाज करायला खिशात काही नव्हतं. काकांनी आधी चहाच्या खोक्याच्या फळ्या ठोकून तिला उभं राहायला एक अरुंद पेटी केली. तिच्यात ती अशी ओरडली की वरच्या मजल्यावरून विचारपूस आली. मग राहिला खांदा. शाईच्या ड्रॉपरनं भरवायचं, खांद्यावर उभी धरायची, आणि तिच्या गळ्याला कान लावून वाट बघायची. घास उतरला की आतून बारीकसा "गुळुक" असा आवाज यायचा. तो आला की काकांचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा व्हायचा.

"लेकीला कधी असं खांद्यावर घेतलं होतंत का?" चारुलता काकू विचारायच्या.

"तेव्हा कंपनी चालू होती."

नाव ठेवलं कुमुदिनी. त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता, कारण ते काकूंच्या आत्तेसासूबाईंचं नाव. शिवाय काकूंना दमा. मांजर जवळ आली की त्यांची छाती भरून यायची. "घरात राहू दे, पण मी तिला उचलणार नाही," एवढं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. काकांना उलट बरंच वाटलं. वाटेकरी नको होता.

मासा यायचा जमुनाबाईंकडून. बिल्डिंगीत मासे घेऊन येणारी ही बाई, पाटीच्या तळाचा चुरा केळीच्या पानात बांधून काकांच्या हातावर ठेवायची. "मांजरीच्या नावान देते हां शेट. तुमी नका खाऊ."

"जमुनाबाई, कंपनी बंद आहे. शेट काय म्हणता?"

"मंग काय म्हनू? मांजरीचा बापूस?"

असं चाललं होतं, आणि श्रावण आला. तिरोडकरांच्या घरात श्रावण म्हणजे श्रावण. बाकीचे अकरा महिने ज्या घरात माशाशिवाय पान हलत नाही, त्या घरात श्रावणात माशाचं नावसुद्धा काढायचं नाही. आषाढातल्या अवसेला काकूंनी पाटा-वरवंटा घासूनपुसून, हळद-कुंकू लावून देवाजवळ उभा केला आणि सांगितलं, "महिनाभर यावर मासा वाटला जाणार नाही. मांजर असो नाहीतर मंत्री."

"अगं, पण ती काय खाणार?"

"वरण-भात खाईल."

वरण-भात कुमुदिनीच्या गळ्याखाली उतरेना. एक दिवस करून बघितलं, संध्याकाळपर्यंत पोरगी लोळागोळा. नवऱ्यानं बाहेरून मासा वाटून आणला तरी तो श्रावणात उंबऱ्याच्या आत यायचा नाही, हे काकांनाही पटत होतंच. तेही त्याच घरातले. म्हणून त्यांनी मन घट्ट केलं आणि मांजरीला महिनाभरासाठी जमुनाबाईंकडे पाठवायचं ठरवलं. लेकी श्रावणात माहेरी जातात, तशी ही गेली.

जमुनाबाईंना त्यांनी सगळं शिकवलं. किती पातळ वाटायचं, मान कशी धरायची, कान कुठे लावायचा. जमुनाबाईंनी ऐकून घेतलं, मांजरीला अलगद खांद्यावर टाकली आणि म्हणाल्या, "कालजी करू नका शेट. पोरा वाडवलीत मी."

काका काळजी करत घरी आले. दुसऱ्या दिवशी बघायला गेले. तिसऱ्या दिवशीही. आणि इथेच ते दुखणं सुरू झालं. कारण मांजर मजेत होती.

वाळली असती, रुसली असती, निदान दारात येऊन ओरडली असती, तर काकांना केवढं बरं वाटलं असतं! पण नाही. जमुनाबाईंनी तंतोतंत काकांनी शिकवल्याप्रमाणे केलं होतं, त्यामुळे बोट ठेवायलाही जागा नाही. वर घर माणसांचं, राबत्याचं. मांजर जमुनाबाईंच्या खांद्यावर बसून चुलीपासून विहिरीपर्यंत मिरवत होती. अंगाला गोलाई आली होती, केसांना चकाकी.

"जाड वाटते जरा," काका नाक उडवत म्हणाले.

"तुमच्याकडं हडकलेली व्हती," सिताराम जाळ्यातून मान वर न काढता म्हणाला.

"कुमुदिनी!" काकांनी हाक मारली. मांजरीनं कानही हलवला नाही.

"त्या नावान नका बोलवू शेट, ती बुजते," जमुनाबाई म्हणाल्या आणि मग अशी काही लांब, ओलसर हाक घातली, "मांदेऽऽली!" की मांजर शेपटीचा खांब करून धावत आली. पिवळी, चकचकीत, निमुळती. मांदेली माशासारखी दिसते म्हणून मांदेली. सगळा पाडा तिला त्याच नावानं ओळखत होता. काकांनी घरी येऊन काकूंना सांगितलं, "नाव बदललंय त्यांनी. मला न विचारता."

"लग्न झालेल्या मुलींचं बदलतातच," काकू म्हणाल्या.

त्या रात्री काका जेवले नाहीत. सोमवार होता असं त्यांनी नंतर सांगितलं, पण तो शनिवार होता.

नारळी पौर्णिमेला गाव खाडीवर नारळ सोडायला गेलं. काका गेले तेव्हा जमुनाबाई नवं लुगडं नेसून निघाल्या होत्या आणि मांदेली त्यांच्या खांद्यावर, कपाळाला कुंकवाचा ठिपका लावून. काका समोर उभे राहिले. तिनं त्यांच्याकडे बघितलं, जांभई दिली, आणि तोंड पलीकडे वळवलं. आमच्या काकांनी आयुष्यात फणस सोसला, खुर्ची सोसली, जावई सोसला. ही जांभई त्यांना सोसवली नाही.

दुसऱ्या दिवशी ते तुर्भ्याच्या नाक्यावर उतरले. तिथल्या खानावळीत गेले आणि ज्या माणसानं श्रावणात कधी अंड्याकडेही बघितलं नव्हतं, त्यानं तळलेल्या कोळंबीचा पुडा बांधून घेतला. तो शबनममध्ये टाकला आणि वरून रुमाल झाकला. वाकडी वाट करून शिरवण्याला पोचले. जमुनाबाई पाण्याला गेल्या होत्या. सिताराम पाठमोरा. काकांनी तळहातावर कोळंबी ठेवून हळूच पुढे केली.

मांजर आली. वास घेतला आणि त्यांच्या हातातून खाल्लं. पुन्हा त्यांच्याकडे मान वर करून बघितलं. हेच तर हवं होतं! काका इतके हरखले की हिला उभं धरायचं, हे साफ विसरले. घास वाटलेला नाही, पातळ नाही, तिखट मसाल्यात तळलेला. आणि मांजर चार पायांवर. दुसरी कोळंबी गिळताना तिनं मान लांब केली. मग ती मान तशीच राहिली. तोंडाला लाळेची तार लागली, डोळे पांढरे व्हायला लागले.

"जमुनाबाई!" काका ओरडले. त्या हंडा टाकून धावत आल्या. आणि तेवढ्यातही काकांच्या तोंडून काय निघावं? "काय घातलंत तुम्ही हिला?"

दोघांनी मिळून मांजरीला वाकवलं, पाठ चोळली. खोकत, ढवळत एक तुकडा भुईवर पडला. मग काकांनी तिला खांद्यावर घेतली आणि गळ्याला कान लावला. काही नाही. छातीत घरघर. हात दुखले की जमुनाबाई घ्यायच्या, त्यांचे भरून आले की काका. ऊन ओटीवरून खाली उतरलं, अंगणात गेलं, कुंपणावर चढलं. सितारामनं जाळं बाजूला ठेवलं होतं. काकांच्या मनात एवढंच होतं, की ही गेली तर माझ्या हातानं गेली.

आणि मग बारीकसा आवाज आला. आधी काकांना भास वाटला. त्यांनी मांजर जमुनाबाईंच्या कानाजवळ नेली. पुन्हा एकदा. गुळुक. जमुनाबाईंनी मान हलवली.

तेव्हा कुठे त्यांनी भुईवरचा तो तुकडा पायाच्या अंगठ्यानं पुढे सरकवला. लालसर शेपटी होती. "माजे घरान आज बोंबील हाय. ही कोलबी कुनाची?"

सितारामला एकदम जाळ्याचं काम आठवलं. काकांनी शबनममधून तेलकट पुडा काढून समोर ठेवला.

"सरावनान कोलबी, शेट?"

"खाल्ली नाही मी."

"ते दिसतंय. हिला कशाला घातलीत?"

काकांनी तेलकट बोटं रुमालाला पुसली. मग म्हणाले, "ती तुमच्याकडे बघते. माझ्याकडे बघत नाही."

जमुनाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "आवं, यवरा तर माजा नवरा पन कदी जलला नाय माज्यावर!"

"मना कुनी संदीच दिली नाय," जाळ्यातून आवाज आला.

मग त्या हसल्या, हसता हसता डोळ्यांना पदर लावला, आणि एकदम कडक आवाजात म्हणाल्या, "परत काय आनलात ना बांदून, तर पाटीनच मारीन. बगाला या. रोज या. पन रित्या हातान."

इकडे कोळंबीचा पुडा वाशीला त्यांच्या आधी पोचला होता. जयमाला वहिनींच्या भावानं नाक्यावर बघितलं होतं. "बाईकडे जाताना माणूस गजरा नेतो," वहिनी जिन्यात सांगत होत्या, "हा कोळंबी नेतो! श्रावणात!" चारुलता काकू बाईच्या बातमीनं हसल्या होत्या, या बातमीनं हसल्या नाहीत. काका दारात आले तसं त्यांनी विचारलं, "हात लावलात कोळंबीला?" आणि आधी आंघोळ, मग चहा, मग बाकीचं ऐकून घेतलं. ऐकून झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "जगली ना?"

गणपतीच्या तोंडावर कंपनीचं टाळं निघालं. घराघरांत पेढे वाटले गेले. काकांनीही वाटले, पण चेहरा असा की कुणी गेलंय घरात. कारण श्रावण संपला होता, पाटा देवाजवळून स्वयंपाकघरात आला होता, मांजर आणायला हरकत कुणाचीच नव्हती; फक्त तिला उभी धरणारा माणूस आता कंपनीत पाळ्यांना जाणार होता. काकूंना दमा. जमुनाबाई पाटी घेऊन फिरायला लागल्या तरी सिताराम ओटीवर होताच, आणि त्याला तिची सगळी रीत पाठ झाली होती. एक घास चुकला तर काय होतं, हे काकांनी स्वतःच्या खांद्यावर ऐकलं होतं.

"ती तिथेच राहील," त्यांनी सांगून टाकलं.

बिल्डिंगीत कुणाचा विश्वास बसला नाही. माझा तर नाहीच. मी जिन्यात गाठून म्हटलं, "काका, तुमच्याच्यानं राहवणार नाही. दसऱ्याच्या आत शबनममध्ये घालून आणाल. लावता पैज? मी जिंकले तर कोजागिरीला गच्चीवर सगळ्यांसमोर तुमची नक्कल करणार, आणि तुम्ही पुढच्या रांगेत बसून बघायची."

"आणि हरलीस तर?"

"तुम्ही म्हणाल ते."

मला वाटलं होतं, गणपती जायच्या आतच आपण जिंकणार. एका रविवारी काका फुगलेली शबनम घेऊन येताना दिसले, तेव्हा मी आणि जयमाला वहिनी दोघी धावलो. आत जमुनाबाईंनी दिलेले सुके बोंबील निघाले. दसऱ्याला संध्याकाळी काकांनी माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवली आणि म्हणाले, "हरलीस." चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं.

शिक्षा अशी होती की त्यांची दुसरी, म्हणजे दुपारची पाळी असेल तेव्हा शनिवारी शिरवण्याला मी जायचं, सगळं नीट बघायचं, ऐकायचं, आणि रविवारी सकाळी त्यांना जसंच्या तसं करून दाखवायचं. मला काय, नकला करायला सांगणं म्हणजे हातावर लाडू ठेवल्यासारखंच. गेले, बघितलं, आले. रविवारी काका खुर्चीवर बसले, काकूंनी चहा दिला आणि मी जमुनाबाईंचा आवाज लावला: "ये गो माजी मांदेली, ये गो माजे सोन्या, कुठं गेलीस मना टाकून?"

काकांनी कप खाली ठेवला. "एवढं लाडानं म्हणते?"

"याहून जास्त. मला तेवढं जमत नाही."

"परत कर."

मी परत केलं. मग मांजरीचं उत्तर केलं, मग सितारामचं खाकरणं, मग पुन्हा मांजर, या वेळी लाडात आलेली, घशातल्या घशात घुरघुरणारी. काकांनी मान तिरकी केली.

"हा आवाज ती अगदी जवळ घेतली तरच काढते," ते सावकाश म्हणाले. "लांबून ऐकू येत नाही. तुला कसा आला?"

"जमुनाबाईंनी दिली ना माझ्याकडे. खांद्यावर घेतली होती मी. झोपलीसुद्धा."

काका उठले. माझा कप अजून अर्धा होता, तो त्यांनी हातातून काढून घेतला आणि मोरीत नेऊन ठेवला.

"पैज फिटली तुझी," ते म्हणाले. "पुढच्या शनिवारी मी रजा टाकतोय."